मंदीत घर कसं चालवता? आणि घरच्यांना किती सांगता?

नंदनवनवासी
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय.

नागपूरला हिंगणा एमआयडीसीत एका लहान युनिटमध्ये क्वालिटी बघतो. आमचे सुटे भाग मोठ्या कंपन्यांना जातात. दिवाळीपासून ऑर्डरी घसरल्या. आधी ओव्हरटाइम बंद झाला, मग तिसरी पाळी, आणि आता आठवड्यात चारच दिवस काम, पगारही त्याच हिशेबाने. अजून कोणाला काढलेलं नाही. पण मालक हल्ली शॉपफ्लोअरवरून जाताना कोणाच्या डोळ्याला डोळा देत नाही. काय समजायचं ते समजलो.

स्थिती अशी: गृहकर्ज २२ लाख बाकी, १५ वर्षं उरलीत, व्याज साडेआठ टक्के, हप्ता २१,६०० च्या वर थोडा. एफडी ३ लाख. सोनं असंच, लग्नातलं. बायको घरी शिकवण्या घेते. मुलगी नववीत, मुलगा पाचवीत. आई आमच्याजवळ असते, तिला शुगर आणि बीपी. मेडिक्लेम कंपनीचाच आहे.

प्रश्न दोन. मेहुणा म्हणतो एफडी मोड आणि कर्जात टाक, व्याज वाचेल. टाकू का? दुसरं म्हणजे, आत्तापर्यंत फक्त बायकोला सांगितलंय. आईला आणि मुलांना सांगावं का?

रात्री दोनला जाग येते आणि मी मोबाइलवर कॅलक्युलेटर उघडून बसतो. 'पॉझिटिव्ह राहा' सोडून काहीही सांगा.

तर्री_जास्त
पॉझिटिव्ह राहा.

(पहिला नंबर लावून घेतला. आता मोठी माणसं येऊन राहिली, सरकून बसतो.)

निवृत्त_रोखपाल
नंदनवनवासी, तुम्ही आकडे दिलेत म्हणून उत्तर देता येतं. लोक नुसतं 'खूप कर्ज आहे' म्हणतात.

मेहुण्याचं गणित चूक नाही, पण ते पगार सुरळीत असलेल्या माणसाचं गणित आहे. ३ लाख कर्जात भरून हप्ता तोच ठेवलात तर मुदत साधारण साडेतीन वर्षांनी कमी होईल आणि सहा लाखांच्या आसपास व्याज वाचेल. ऐकायला झकास. पण ते वाचणार दहा-बारा वर्षांनंतर. समजा मुदत तीच ठेवून हप्ता कमी करून घेतलात, तर महिन्याला सुटतील जेमतेम २,९५०. उलट तेच ३ लाख हातात राहिले तर एक रुपया पगार न येताही तेरा हप्ते भरता येतात. आणि एकदा कर्जात घातलेला पैसा बँक परत देत नाही. द्यायचाच म्हटला तर नवं कर्ज म्हणून देईल, त्यासाठी पगाराची स्लिप मागेल, आणि ती नेमकी तेव्हाच तुमच्याजवळ नसेल.

आत्ता तुम्हाला व्याजाची नाही, रोकडीची अडचण आहे. एफडीला हात लावू नका. फार तर तिचे तीन तुकडे करून घ्या, म्हणजे गरज लागली तर एकच मोडावा लागेल. थोड्या दिवसांची नड असेल तर एफडीवर ओव्हरड्राफ्ट, म्हणजे ती न मोडता तिच्यावर उचल, मिळतो, एफडीच्या दरापेक्षा टक्का-दोन टक्के जास्त व्याजाने.

सीताबर्डी_स्लो
रोखपाल काकांना +१. वाचनखूण साठवली.

हिशेबनीस
थोडा असहमत. पैसा हातात राहिला की खर्च होतो, हा माणसाचा स्वभाव आहे. एफडीपैकी निम्मी कर्जात टाकावी, निम्मी ठेवावी.

आणि एसआयपी (म्युच्युअल फंडात दरमहा ठरावीक गुंतवणूक) चालू असेल तर थांबवू नका. २३ मार्च २०२० ला सेन्सेक्स एका दिवसात ३,९०० च्या वर अंकांनी कोसळून २५,९८१ वर बंद झाला होता. त्या आठवड्यात आमच्या ऑफिसातल्या निम्म्या लोकांनी सगळं विकलं. जानेवारी २०२१ मध्ये त्याच सेन्सेक्सने पहिल्यांदा ५० हजारांचा आकडा पाहिला. मंदीत बाजार स्वस्त मिळतो.

इतवारी_ठोक
हिशेबनीस, तुमचा पगार चालू होता म्हणून तुम्हाला बाजार स्वस्त दिसला. ज्याचा गेला होता त्याला गव्हाचा भाव दिसत होता.

हिशेबनीस
मान्य. पण धागाकर्त्याचा पगार अजून चालू आहे, गेलेला नाही.

निवृत्त_रोखपाल
आठवड्यातले चार दिवस चालू आहे. म्हणूनच म्हणतो, सहा महिन्यांचा खर्च बाजूला निघाला की मग एसआयपी. त्याआधी नाही. 'निम्मी-निम्मी' हा सल्ला ऐकायला समतोल वाटतो, पण दीड लाखात सात हप्तेसुद्धा निघत नाहीत.

सकारात्मक_सूर्य
मित्रा, अंधार जितका गडद तितकी पहाट जवळ! रोज सकाळी उठून आरशासमोर म्हण, "मी पैशाचं चुंबक आहे." ब्रह्मांड ऐकतं. मी एकवीस दिवस केलं आणि माझं आयुष्य बदललं. नकारात्मक बातम्या बंद कर, नकारात्मक लोक बंद कर...

तर्री_जास्त
सूर्यभाऊ, हप्त्याचा मेसेज बँकेतून येतो. तो नकारात्मक बातमीत धरायचा की नकारात्मक लोकांत?

कूलरची_ताटी
=)) =))

शाईची_दौत
दुसऱ्या प्रश्नावर लिहिते. मी शाळेत शिकवते, आठवी ते दहावी.

मुलांना सांगायचं की नाही, हा प्रश्न आईबापांना पडतो तोवर मुलांना बरंच कळलेलं असतं. मागच्या वर्षी आमच्या वर्गातल्या एका मुलीने सहलीची चिठ्ठी घरी दिलीच नाही. विचारलं तर म्हणाली, "मला बसमध्ये उलटी होते, बाई." तिची आई पालकसभेला आली तेव्हा कळलं की मुलीला असलं काही होत नाही. वडिलांचं दुकान बसलं होतं, घरी कोणी तिला एक शब्दही बोललं नव्हतं, आणि तिने स्वतःच पैसे वाचवायला सुरुवात केली होती. चौदा वर्षांची पोरगी एकटी बसून घराचं बजेट करते, हे मला फार लागलं.

नववीतल्या मुलीला आकड्यांसकट सांगा. पाचवीतल्याला एवढंच पुरे, "या वर्षी बाबांचा पगार कमी आहे, म्हणून काही गोष्टी पुढच्या वर्षी." आणि ज्या गोष्टी तशाच राहणार आहेत त्याही सांगा. शाळा तीच राहणार, घर तेच राहणार, हे त्यांना ऐकायचं असतं.

कूलरची_ताटी
दौतताई, आदर राखून असहमत. आमच्या घरी सगळं मुलांसमोर बोलायचे. मला सहावीत असताना सावकाराचा टक्का माहीत होता. आज माझी नोकरी धड आहे, तरी हॉटेलात मेन्यूकार्डाची उजवी बाजू आधी वाचतो. बायको म्हणते तू जेवायला नाही, ऑडिटला येतोस. मुलांना मूलच राहू द्यावं.

शाईची_दौत
ताटी, तुमच्यासमोर बोलायचे, पण तुमच्याशी बोलायचे का?

कूलरची_ताटी
...नाही. भांडायचे.

शाईची_दौत
तेच म्हणते मी.

इतवारी_ठोक
आम्ही कपड्याचे ठोकवाले. नोकरदारांची मंदी पगारात दिसते, आमची उधारीच्या वहीत. माल जातो, पैसा येत नाही. यवतमाळचा म्हणतो गोंदियावाल्याने दिले की देतो, गोंदियाचा म्हणतो कापूस विकला की देतो. कापूस शेतकऱ्याच्या घरात, कारण भाव नाही. अशी ती साखळी आहे.

गेल्या उन्हाळ्यात फोन करणं सोडलं आणि एसटीने गावोगावी स्वतः फिरलो. समोर जाऊन बसलं की माणूस पूर्ण नाही तरी थोडे काढून देतो, वर चहा पाजतो. एका दुकानदाराने पैशाऐवजी तुरीचं पोतं दिलं. घेतलं. घरी शिव्या पडल्या, पण वर्षभर डाळ विकत आणली नाही.

नंदनवनवासी, तुमचे कोणाकडे उसने, डिपॉझिट, जुन्या कंपनीचा पीएफ असं काही अडकलंय का? आधी ते गोळा करा. नवीन कमाई शोधण्यापेक्षा सोपं पडते.

वैदर्भी_वांगं
तुरीवरून आठवलं. एप्रिल-मेमध्ये वर्षाचं धान्य भरायची आपल्याकडची पद्धत मंदीत ठेवावी की मोडावी? आमच्याकडे यावरून सासू-सून युद्ध चालू आहे. गहू, तांदूळ, तुरीची डाळ, तिखट, हळद सगळं मिळून तीस-चाळीस हजार एका फटक्यात जातात. मी म्हणते महिन्याचं महिन्याला आणू. सासूबाई म्हणतात पिठाच्या पन्न्या आणणारं घर म्हणजे घर नव्हे.

कूलरची_ताटी
सासूबाईंच्या बाजूने. डब्यात गहू असला की माणूस शांत झोपतो.

निवृत्त_रोखपाल
सुनेच्या बाजूने. एकदम भरून जे वाचतं ते खरं, पण नोकरी डळमळीत असताना चाळीस हजार कोठीत अडकवू नयेत. मधला मार्ग म्हणजे तीन-चार घरांनी मिळून कळमन्याच्या ठोक बाजारातून पोतं आणायचं आणि वाटून घ्यायचं. भाव ठोकचा, पैसे चिल्लर.

तर्री_जास्त
आणि भाजी कॉटन मार्केटातून, पहाटे. फक्त एक पथ्य पाळा, स्वस्त मिळते म्हणून पाच जुड्या सांबार (म्हणजे कोथिंबीर) आणायचा नाही. आमच्या बाबांनी एकदा आणला. आठवडाभर सगळ्यात सांबार. चहात नव्हता एवढंच.

अंबाझरीचा_काठ
बाकी सगळं ठीक, पण मेडिक्लेमचं कोणी बोलूनच नाही राहिलं! भाऊ, तुमचा विमा कंपनीचा आहे म्हणजे नोकरी गेली त्या दिवशी विमाही गेला. घरात शुगर-बीपीची आई. नवीन पॉलिसीत आधीपासूनच्या आजारांना कमाल तीन वर्षांची प्रतीक्षा लागू शकते. ग्रुप पॉलिसीतून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं का, ते नोकरीत असतानाच एचआरला लेखी विचारून घ्या. नंतर तिथं कोणी फोन उचलत नाही.

हप्ता जड वाटेल. पण बाकी सगळे खर्च कापा, हा कापू नका. एक ॲडमिशन ती ३ लाखांची एफडी आठवड्यात गिळते.

परदेशी_संत्री
मूळची लक्ष्मीनगरची, आता न्यू जर्सी. सप्टेंबर २००८ मध्ये लेहमन ब्रदर्स ही इथली मोठी बँक बुडाली तेव्हा मी इथे नवीन होते. आमच्या मजल्यावर दर शुक्रवारी कोणाचं तरी टेबल रिकामं व्हायचं. एच-१बी व्हिसावर काम करणाऱ्यांना नोकरी गेल्यावर दुसरी शोधायला आज जे ६० दिवस मिळतात, ते तेव्हा नव्हते, ती सवलत २०१७ ला आली. शुक्रवारी दुपारी फोन वाजला की पोटात गोळा यायचा.

मला त्या काळात एका गोष्टीने वाचवलं, ती म्हणजे वेळ ठरवून काळजी करणं. रविवारी सकाळी नवरा आणि मी कागद घेऊन बसायचो, सगळे आकडे मांडायचो आणि उठायचो. मध्येच आठवलं तर कागदावर टिपून ठेवायचं, बोलायचं रविवारी. रात्री दोनच्या कॅलक्युलेटरवर निदान माझ्यापुरता तरी हाच उतारा चालला. रात्रीचे आणि रविवारचे आकडे तेच असतात. रात्री फक्त ते बघणारा माणूस दमलेला असतो.

सीताबर्डी_स्लो
संत्रीताई, हे आवडलं. बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "रविवार नको, रविवारी सावजी जेवण असते."

वैदर्भी_वांगं
सावजीवर कपात हा वेगळ्या धाग्याचा विषय आहे आणि तिथं दंगल होईल.

सीताबर्डी_स्लो
कपात कसली? घरी करायची. मसाला तोच, फक्त घाम आपला.

एक_जुना_सभासद
अवांतर: आपल्या शहराने हे पूर्वीही पाहिलंय. १८७७ ला जमशेटजी टाटांनी एम्प्रेस मिल सुरू केली, शंभर वर्षांवर ती चालली. आज त्या जागेवर मॉल आहे. त्यानंतर बुटीबोरीची एमआयडीसी आली, विमानतळाजवळचा मिहान प्रकल्प आला. भोंग्यावर चालणारं शहर आता मोबाइलच्या अलार्मवर चालतं. शहर तगलं, पण त्यातलं प्रत्येक घर तगलं असं मी म्हणणार नाही. आमच्या मोहल्ल्यात गिरणीतून सुटलेले लोक होते. ज्यांनी लगेच मिळेल ते काम धरलं, सायकलचं दुकान म्हणा, पानठेला म्हणा, ते सावरले. 'माझ्या हुद्द्याचं मिळेल तेव्हाच' म्हणून घरी बसलेले फार थोडे पुन्हा उभे राहिले. तुमचे तीन मोकळे दिवस रिकामे ठेवू नका.

नंदनवनवासी
सगळ्यांचे आभार. इतके प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. एकेक करून सांगतो.

एफडी मोडत नाही. रोखपाल काकांचं तेरा हप्त्यांचं गणित मेहुण्याला पाठवलं. तो 'बघ बाबा तुझं तू' म्हणाला, म्हणजे पटलं असावं.

एचआरला विम्याचा मेल टाकलाय.

घरी बोललो. जेवण झाल्यावर सगळ्यांना बसवलं, टीव्ही बंद केला. मुलीला आकडे दाखवले. तिने पहिला प्रश्न हप्त्याचा नाही, "चार दिवसांत काम होतं तर आधी सहा दिवस काय करत होता?" असा विचारला. उत्तर द्यायला मला वेळ लागला. आई गप्प होती. मग म्हणाली, "मला दिवाळीपासून ठाऊक आहे. संध्याकाळचं दूध आणायला तू जायला लागलास तेव्हाच समजलं." ओव्हरटाइम असताना मी नऊच्या आधी घरी नसायचो, दूध सात वाजता येतं. इतके महिने मी काय लपवत होतो, कोणास ठाऊक.

मोकळ्या दिवसांचं: ओळखीच्या एका वर्कशॉपमध्ये मोजमापाच्या उपकरणांची तपासणी करून द्यायचं बोलणं चाललंय. पैसे किरकोळ आहेत.

तर्री_जास्त
आईला सलाम. दूधवाल्याला सीबीआयमध्ये घ्या.

शाईची_दौत
मुलीचा प्रश्न मालकाला फॉरवर्ड करा.

कूलरची_ताटी
पेट्रोलचं काय करता? नंदनवन ते हिंगणा म्हणजे शहराचं एक टोक ते दुसरं. मेट्रो वैष्णोदेवी चौकातून थेट लोकमान्यनगरला जाते.

नंदनवनवासी
करून पाहिलं. लोकमान्यनगरपासून युनिटपर्यंत शेअर ऑटो लागतो, तो सकाळी भरल्याशिवाय हलत नाही. तरी जाताना एका सहकाऱ्याच्या गाडीवर आणि येताना मेट्रो असं जमवलंय.

झिरो_माइल
धागा वाचून नाव नोंदवलं. माझं दुखणं वेगळं आहे. क्रेडिट कार्डावर ६० हजार आहेत, दर महिन्याला 'किमान रक्कम' भरतो. तरी आकडा हलत नाही. वरून कंपनीचे वसुलीवाले रात्री नऊला फोन करतात. झोप, भूक दोन्ही गेलीय.

निवृत्त_रोखपाल
हलणार कसा? महिना साडेतीन टक्के धरले तर ६० हजारांवर व्याजच २,१००, त्यावर १८ टक्के जीएसटी ३७८. किमान रक्कम पाच टक्के म्हणजे ३,०००. तुमच्या तीन हजारांतले मुद्दलात जातात पाचशे बावीस रुपये, तेही नवीन खरेदी काहीच केली नाही तर. कार्ड आज कपाटात टाका. सोनं असेल तर त्यावर कर्ज काढून हे एकदम मिटवा, व्याज निम्म्याहून कमी पडेल. पण सोनेतारणाची मुदत डायरीत लिहा. व्याज-मुद्दल एकदम भरायचा प्रकार असेल तर वर्षाच्या शेवटी धावपळ होते आणि दागिना लिलावात जातो.

वसुलीवाल्यांना सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करता येत नाही, रिझर्व्ह बँकेचा २०२२ चा आदेश आहे. कॉलची वेळ टिपून लेखी तक्रार करा.

अंबाझरीचा_काठ
झिरो_माइल, झोप-भूक गेलीय असं लिहिलंत म्हणून सांगतो. १४४१६ हा टेलिमानस नंबर आहे, सरकारी, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलतात. माझ्या भावाने लावला होता. त्याने कर्ज फिटलं नाही, पण तो जेवायला लागला, आणि मग बँकेत जाण्याइतका उठला. लावा. इथेही लिहीत राहा.

झिरो_माइल
लावतो.

भरवशाचा_भाऊ
एफडी मोडणार नसाल तरी बँकेत सडवण्यापेक्षा माझ्या ओळखीच्या पतसंस्थेत ठेवा. ११ टक्के. चेअरमन आपला माणूस आहे.

इतवारी_ठोक
'चेअरमन आपला माणूस आहे' हे वाक्य ऐकलं की मी पाकीट खिशात खोल ढकलतो.

निवृत्त_रोखपाल
बँकेत, अगदी सहकारी बँकेतसुद्धा, प्रत्येक ठेवीदाराला व्याजासह ५ लाखांपर्यंत ठेव विम्याचं संरक्षण आहे. फेब्रुवारी २०२० च्या आधी ते १ लाखच होतं. पतसंस्थेला हे संरक्षण नाही. आणीबाणीचा पैसा ११ टक्क्यांसाठी नसतो, हाक मारल्यावर यावा यासाठी असतो.

भरवशाचा_भाऊ
प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

नंदनवनवासी
रोखपाल काका, शेवटचा एक प्रश्न. दिवस चाराचे तीन झाले तर हप्ता पूर्ण भरणं जड जाईल. बँकेत आधीच जाऊन सांगावं की थांबावं? मेहुणा म्हणतो सांगितलं की नाव खराब होतं.

निवृत्त_रोखपाल
उलट आहे. न सांगता हप्ता चुकला की नाव खराब होतं. एक हप्ता जरी बुडाला तरी नोंद होते, आणि मग तुम्ही 'सवलत मागणारे' नसता, 'थकबाकीदार' असता. आमच्या काउंटरवर आधी येणाऱ्याला खुर्ची मिळायची.

उरलेली मुदत १५ ची २० वर्षं करून घेतलीत तर हप्ता साधारण १९,१०० वर येईल, महिन्याला अडीच हजार मोकळे. एकूण व्याज मात्र पावणेसात लाखांच्या आसपास वाढेल, म्हणून हे गरज पडली तरच. दिवस बरे आले की जादा भरून मुदत पुन्हा खाली आणा. व्यक्तीने घेतलेल्या तरत्या दराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व भरण्याचा दंड घेता येत नाही. जाताना मागच्या सहा महिन्यांच्या स्लिपा आणि कामाचे दिवस कमी केल्याचं कंपनीचं पत्र घेऊन जा. पत्र देत नसतील तर हजेरीची प्रत. दहा तारखेच्या आत जाऊ नका, पेन्शनची गर्दी असते.

तुमच्या शॉपफ्लोअरवरच्या ज्या पोरांचा पगार २१ हजारांच्या आत आहे आणि ईएसआयसी (कामगार राज्य विमा) कापली जाते, त्यांना अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेचं सांगा. नोकरी गेली तर सरासरी रोजच्या मजुरीच्या निम्मे, ९० दिवसांपर्यंत, आयुष्यात एकदा मिळतात. योजनेची मुदत वेळोवेळी वाढवतात, म्हणून आधी कार्यालयात विचारून मग अर्ज करावा.

नंदनवनवासी
अकरा तारखेला सुट्टीचाच दिवस आहे. जातो. पोरांना उद्याच सांगतो, आमच्याकडे असे बरेच आहेत.

खामला_चौक
माझंही थोडंफार असंच आहे, पण कर्ज पर्सनल लोनचं आहे आणि दोन ठिकाणचं. नवीन धागा काढू की इथेच विचारू?

निवृत्त_रोखपाल
इथेच विचारा. दोन्हींची बाकी रक्कम, व्याजाचा दर आणि उरलेले हप्ते लिहा. नावं लिहू नका.